उसना बेडका

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वडील कराडला पोलीस हवालदार, घर शेजारच्या मलकापुरात. दारात कोण आलं, कशाला आलं आणि सांगतोय त्यात खरं किती, हे ठरल्याशिवाय आमच्याकडे कुणाला पाण्याचा तांब्या मिळत नसे. त्यात बेचाळीस होऊन गेलेलं. गावोगाव भूमिगतांचा दरारा होता आणि हवालदाराच्या पोराला बघून पारावरची माणसं बोलायची थांबायची. ती थांबली की मी त्यांची तोंडं लक्षात ठेवायचो. ही सवय घेऊनच मी सांगलीला डॉक्टरकी शिकायला आलो.

शाळा लहानशी होती. पुढे इस्पितळ, त्याच्या मागे वर्ग, वर्गांच्या मागे पत्र्याचं वसतिगृह. आज ती शाळा नाही, तिचं नावही कुणी काढत नाही. पण आमच्या वसतिगृहात एक रीत होती, ती मी पुढे दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तिला आम्ही रविवारचा राउंड म्हणायचो.

ती रीत पडली जोतीराममुळे. हा आमच्या वरच्या वर्गातला मुलगा, हुशार आणि हसतमुख. शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर एका सकाळी तो खोलीत नव्हता, आणि कृष्णेच्या घाटावर त्याचे कपडे नीट घडी करून ठेवलेले सापडले. त्याच्या खोलीतल्या मुलांना कशाचाच पत्ता नव्हता. कित्येक दिवस तो धड जेवला नव्हता, झोपला नव्हता, हे सगळं मागाहून कळलं. दिवसभर परक्यांच्या नाड्या धरणारी ही मुलं, आणि शेजारच्या खाटेवरचा सोबती मरायला निघालाय ते एकालाही दिसलं नाही. ही गोष्ट मुलांच्या मनाला फार लागली.

मग मुलांनीच ठरवलं. वॉर्डात राउंड घेतो तसा रविवारी जेवण झालं की खोलीत राउंड घ्यायचा. एकानं दुसऱ्याची नाडी बघायची, जीभ बघायची, छातीला नळी लावायची आणि विचारायचं, बरा आहेस का? उत्तरात नुसतं 'बरा' म्हणायला बंदी होती. घरची आठवण येत असेल तर तसं सांगायचं, मुडद्याच्या चिरफाडीनंतर जेवण जात नसेल तर तसं सांगायचं. आणि खोलीत जे कळेल ते खोलीबाहेर न्यायचं नाही.

मला ही रीत पहिल्यापासून खटकली. माणसं एकमेकांजवळ मन मोकळं करायला बसली की त्यात एखादा खबऱ्या असतोच, असं वडिलांचं मत होतं, आणि त्यांचा त्या धंद्यातला अनुभव मोठा होता. मला विचारलं की मी झोप कमी झाली एवढंच सांगायचो, आणि इतरांनी सांगितलेलं मात्र कान देऊन ऐकायचो.

खोलीत आम्ही तिघं. लालासाहेब पलूसकडचा. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, थोरला भाऊ दादासो पलटणीत. अंग तालमीत कमावलेलं, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दुसरा धुळा, जतकडचा, धनगराघरचा. त्याच्या वस्तीवर अक्षर ओळखणारा तो पहिलाच. हाडकुळा, बोलायला भिणारा आणि थंडी पडली की खोकणारा. तिसरा मी. तिघांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून आमची साखळी होती. लाला मला तपासायचा, मी धुळाला, आणि धुळा लालाला.

धुळानं लालाला तपासणं म्हणजे एक तमाशाच होता. धुळा नळी घेऊन उभा राहायचा आणि लाला सदराही न काढता हसत सुटायचा.

"माज्यात काय बघतोस गड्या? नळी फुटंल ती."

धुळाच्या बापानं आयुष्यभर बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवली. त्यांच्या बांधावर हात जोडून उभं राहणं हे ते पोर लहानपणापासून बघत आलेलं. ते लालासाहेबाला सदरा काढ म्हणून कसं सांगणार? तो मनगट धरायचा, खाली बघून नाडी मोजायचा आणि विचारायचा, "बरा हायस का?"

"म्हशीगत हाय," लाला म्हणायचा. 'बरा' म्हटलं नाही, म्हणजे नियम पाळला गेला.

धुळाच्या छातीला मात्र मी नळी लावली की आत बारीक शिट्ट्या वाजायच्या. तो सांगायचा, "थंडीचं आसतंय ते. ल्हानपनापासनं हाय." मी मान डोलवायचो आणि विश्वास ठेवायचो नाही. क्षयाचे रोगी आम्ही रोज हाताळत होतो. त्यांच्या बेडक्याच्या डब्या आम्हीच उचलायचो, आणि शिकणाऱ्यांपैकी कुणाला लागण होणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. ज्याच्या बेडक्यात जंतू सापडले त्यानं शाळा सोडायची, असा नियम. मिरजेकडच्या माळावर क्षयाच्या रोग्यांसाठी इस्पितळ होतं, तिथे जागा मिळाली तर तिथे, नाहीतर घरी. औषध तेव्हा नव्हतंच. मोकळी हवा, दूध, अंडी आणि बाकीचं नशिबावर. म्हणून मी खिडकीजवळची खाट धरली होती आणि माझा पेला वेगळा ठेवला होता.

आता आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पास झाल्यावर इस्पितळात हाऊस सर्जनची एकच जागा असायची आणि ती वर्गात पहिल्या येणाऱ्याला मिळायची. आमच्या वर्गात पहिला नंबर कधी लालाचा, कधी धुळाचा. धुळाला ती जागा मिळाली नाही तर परत जतकडे जाऊन काय करायचं हा प्रश्न होता. लालाचं वेगळं होतं. घरचे म्हणत होते, पास झालास की दादासोसारखा पलटणीत चल, लढाई चालू आहे, डॉक्टरांना मागणी आहे. लालाला पलटणीत जायचं नव्हतं. हे तो मला एका राउंडला बोलून गेला होता आणि मी ते बरोबर ध्यानात ठेवलं होतं. मी स्वतः त्या शर्यतीत कुठेच नव्हतो, त्यामुळे दोघांवर लक्ष ठेवायला मोकळा होतो.

चव्वेचाळीस सालच्या थंडीत, परीक्षा तोंडावर आली असताना, धुळा वॉर्डात खोकला. मोठे डॉक्टर, म्हणजे इस्पितळाचे आणि शाळेचेही प्रमुख, रोग्याच्या पोटावर हात ठेवून उभे होते. त्यांनी हात तसाच ठेवला आणि फक्त मान वळवली.

"किती दिवस आहे हा खोकला?"

"थंडीचा हाय, सर."

"उद्या सकाळचा बेडका डबीत घालून लॅबोरेटरीत दे."

एवढंच. पण दुपारी धुळाच्या घशाखाली घास उतरेना. खोलीत येऊन तो खाटेच्या कडेवर बसला आणि बराच वेळ हाताची नखं बघत राहिला. मग म्हणाला, "निघालं तर रं? आईला काय सांगू मी?"

त्याची आई हरणाबाई. पोरगं डॉक्टर होणार म्हणून तिनं वस्तीवरच्या बायकांच्या दुखण्यांची यादी मनात करून ठेवलेली, तो आला की सगळ्या एकदम दाखवायच्या म्हणून. हे आम्हाला धुळानंच सांगितलं होतं. मला त्याची कणव आली, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या खाटेवर जाऊन बसायचं धाडस मला झालं नाही.

लाला मात्र जाऊन बसला. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "निघंल कसं? तुजा द्यायचाच न्हाई. माजा दे."

"तुजा?"

"मग? पैलवानाचा बेडका हाय. बघू दे की काय बघायचं ते. परीक्षा होऊ दे, मग तुजी छाती निवांत दाखवू मिरजंला एखाद्या डॉक्टराला. आत्ता शाळा सोडून चालनार न्हाई."

धुळा रडायला लागला. लालानं त्याला जवळ घेतलं. मी खिडकीजवळ बसून विचार करत होतो की ज्याच्या जाण्यानं हाऊस सर्जनची जागा बिनबोभाट आपली होते, त्याला वाचवायला हा गडी एवढा का धडपडतोय? आमच्या घरी फुकटची माया दिसली की आधी तिचा खिसा तपासायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुळानं डबी लालाच्या हातात दिली. लाला न्हाणीच्या भिंतीमागे गेला आणि लगेच परतला. डबीत भरपूर होता.

"इतक्या लवकर?" मी विचारलं.

"तंबाखूची किरपा," लाला म्हणाला आणि झाकण दाबून डबी धुळाच्या हातात दिली.

तो भिंतीमागे गेला एवढं मी पाहिलं. थुंकताना पाहिलं नाही. हा मुद्दा मी तेव्हाच मनात टिपून ठेवला.

आठवड्याच्या अखेरीस निकाल आला. जंतू सापडले. मोठ्या डॉक्टरांनी धुळाला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. सोमवारी त्यानं वसतिगृह सोडायचं, परीक्षेला बसायचं नाही, माळावरच्या इस्पितळाला ते चिठ्ठी देतील. बाहेर आला तेव्हा धुळाचं तोंड उतरलेलं होतं, पण तो रडत नव्हता. खोलीत येऊन त्यानं घोंगडं अंथरलं आणि त्यावर आपली पुस्तकं रचायला लागला.

लाला दाराला टेकून उभा होता. "आसं कसं झालं?" तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "आसं कसं झालं पर?" त्या संध्याकाळी तो हे इतक्या वेळा म्हणाला की माझे कान टवकारले.

धुळाजवळ उत्तर होतं. "माजंच निघालंय ते. डबी नीट धुतली नव्हती मी. आदी त्यात मी थुंकलो हुतो. तुजा काय दोस न्हाई, लाला. माज्या नशिबाचं हाय."

एवढ्यावर त्याचं समाधान झालं. माझं होईना. डबी मी पाहिली होती. ती घासून लख्ख केलेली होती. मग जंतू आले कुठून? लालानं सांगितल्याप्रमाणे स्वतःचा बेडका दिला असता तर निकाल स्वच्छ यायला हवा होता. आला नाही, म्हणजे त्यानं स्वतःचा दिला नाही. धुळा रात्री खोकून उशाजवळच्या करवंटीत थुंकायचा. ती करवंटी न्हाणीकडे कुणी नेली, कधी नेली, हे कोण बघायला जातंय? मदत केल्याचं नाव आणि वर हाऊस सर्जनची जागा. मला सगळं उघड दिसायला लागलं.

एकदा दोरा हाताला लागला की माणूस गुंता सोडवतच जातो. दिवाळीनंतर, चाचणीत धुळा पहिला आल्यापासून, लाला बदलला होता. तालमीत जाणं त्यानं सोडलं, म्हणे अभ्यास आहे. रात्री तो घामाघूम होऊन उठायचा, भर थंडीत, आणि पांघरूण लाथेनं दूर करायचा. पहाटे आम्ही उठायच्या आत नळावर जाऊन स्वतःचं बनियन पिळायचा. कपडे धुवायला परीट होता तरी. रंगूबाई, म्हणजे त्याची आई, घरून तुपाची बरणी पाठवायची, ती तशीच राहायची. ताटातली भाकरी तो मोडून धुळाच्या ताटात सरकवायचा आणि म्हणायचा, खा रं, तुला गरज हाय. गळ्याची हाडंसुद्धा वर आली होती. मनात पाप असलं की अन्न गोड लागत नाही, झोप लागत नाही, हे मी वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. कबुली द्यायच्या आधी गुन्हेगार असाच झिजतो.

रविवार उजाडला. जेवणं झाली. धुळाचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं आणि तरी त्यानं नळी काढली, कारण राउंडचा दिवस होता. तो लालासमोर जाऊन उभा राहिला, आणि मला ते सहन झालं नाही. ज्यानं गळा कापला त्याचीच नाडी हा बिचारा बघणार.

"नळी ठेव खाली," मी म्हणालो. "आधी ह्याला विचार, डबीत काय घातलं होतं."

लालानं मान वर केली. "काय म्हनायचंय तुला?"

"तुझा बेडका नव्हता तो. तू ह्याचाच भरून दिलास. ह्याला घालवलं की जागा तुझी."

मला वाटलं तो मारेल. मी मागे सरकलोसुद्धा. पण लाला नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग उशिरा आला. आधी वेगळंच काही आलं. कुणी घरात घ्यायचं नाकारलं की माणूस बघतो तसं तो बघत होता.

"तुला आसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"मला माहीत आहे."

"न्हाई रं नाथाजी," धुळा मध्ये पडला. "लाला तसलं न्हाई करायचा. जाऊ दे की. मी जातोयच उद्या."

"तू गप बस," लाला त्याच्यावर ओरडला, आणि मग त्याला खोकल्याची उबळ आली. ती जिरवून तो उठला. "चल. लॅबोरेटरी उघडी हाय. तुज्या डोळ्यांदेकत थुकतो. ह्यो बी थुकंल. तूच रंगव, तूच बघ. माजा साफ निघाला आनि ह्येचा निघाला, तर मी चोर. सगळ्या वसतिगृहाला सांग मग."

अभ्यासासाठी लॅबोरेटरी रविवारी आम्हाला उघडी असायची. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन थेट मायक्रोस्कोपच्या आरशावर पडत होतं. मी दोन नव्या डब्या काढल्या. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, आधी धुळा थुंकला, मग लाला. धुळाला कष्ट पडले. लालाचा एका खाकरण्यात आला. तेव्हाही मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी डबीकडे बघत होतो, माणसाकडे नाही.

काचा मी रंगवल्या. धुळाच्या काचेवर हिऱ्याच्या सुईनं एक रेघ ओढली, लालाच्या काचेवर दोन. बेडका पसरून वाळवला, वर लाल रंग ओतून स्पिरीटच्या दिव्यावर वाफ येईस्तोवर तापवला, मग आम्लानं धुतला आणि वरून निळा चढवला. क्षयाचे जंतू चिवट. आम्लानं सगळ्यांचा लाल रंग उतरतो, त्यांचा उतरत नाही. नंतर बघायला गेलं की सगळं निळं दिसतं आणि जंतू असले तर तेवढ्या लाल काड्या. ह्या कामात माझा हात बसलेला होता, वर्गात सगळे माझ्याकडून करून घ्यायचे.

आधी धुळाची काच लावली, कारण माझा पुरावा तीत होता. निळं. काच सरकवली. निळंच. मी कडेपासून कडेपर्यंत गेलो, पुन्हा उलटा आलो. डोळ्यातून पाणी यायला लागलं तरी एक काडी सापडली नाही. धुळाची छाती वाजत होती ती दम्यानं; तो पहिल्यापासून खरं सांगत होता.

माझं डोकं गरम झालं. धुळाचा नाही, मग डबीत आला कुणाचा? उत्तर लगेच सुचलं, आणि ते पहिल्यापेक्षाही घाणेरडं होतं. मी स्टुलावरून वळलो.

"वॉर्डातून आणलास," मी लालाला म्हणालो. "ह्याचा स्वच्छ आहे. तुला ते ठाऊक असणार, म्हणून तू एखाद्या रोग्याचा आणून भरलास."

धुळा भिंतीला धरून उभा होता. "माजा साफ हाय?" तो हळूच म्हणाला. त्याला दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं.

"साफ आहे."

लालाचं तोंड एकदम उजळलं. मी त्याच्यावर एवढा मोठा आळ घेतला होता आणि तो धुळाकडे बघून हसत होता. मला तेही सोंग वाटलं. मग तो माझ्याकडे वळला. "दुसरी काच ऱ्हायलीय. ती बघ, मग बोल."

मी दुसरी काच लावली. घाई नव्हती. ती स्वच्छ निघणार हे ठरलेलंच होतं; पैलवानाचा बेडका. तेलाचा थेंब टाकला, मायक्रोस्कोपची नळी खाली आणली, आणि फिरवायची गरजच पडली नाही. निळ्यावर लाल काड्या पडल्या होत्या. एक-दोन नव्हत्या, मोळी विस्कटल्यासारख्या सगळीकडे होत्या. मी काच काढून खूण बघितली. दोन रेघा. परत लावली. परत त्याच काड्या.

तो माझ्या डोळ्यांदेखत थुंकला होता. रात्रीचा घाम, न खपणारं तूप, वर आलेली हाडं, आमच्या वर्गातल्या कुठल्याही पोराला हे कागदावर लिहून दिलं असतं तर त्यानं रोगाचं नाव सांगितलं असतं. मी त्यात पाप वाचलं. धुळासाठी आली नव्हती इतकी माया मला त्या क्षणी लालाची आली, आणि त्याच्याकडे वळून बघायची छाती होईना.

"काय रं?" लाला पाठीमागून म्हणाला. "बोल की. खरा का खोटा मी?"

काय सांगायचं? खोटा म्हणालो असतो तर तो चोर ठरत होता आणि निरोगी राहत होता.

"खरा," मी म्हणालो. "डबीतला बेडका तुझाच होता."

"आयकलंस का धुळ्या?" लालानं मांडीवर थाप मारली. "ह्येच्या तोंडानं आयक. माजाच हुता म्हनतोय." आणि त्यानं धुळाच्या गळ्यात टाकायला हात उचलला.

हात वाटेतच थांबला. वर्गात पहिला येणारा मुलगा होता तो, त्याला कळायला वेळ लागला नाही. तो माझ्याजवळ आला. मी स्टूल सोडलं. त्यानं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि खूप वेळ तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला, खांद्यावरचा पंचा काढून तोंडावर धरला आणि मागं मागं सरकत दारापाशी गेला, आमच्यापासून जितकं लांब जाता येईल तितका.

धुळा हुंदके देत होता. लाला पंच्याआडून म्हणाला, "रडतोस कशाला? गाठोडं सोड तुजं. परीक्षेला बसायचंय तुला."

"मी न्हाई बसत."

"बसशील. आईला काय सांगशील मग?" त्याचा आवाज नेहमीसारखा काढायचा प्रयत्न होता, पण तो चिरला. "चला, मोठ्या डॉक्टरास्नी आजच सांगाय पायजे. उद्या ह्येला घालवत्याल. तुमी थांबा, मी एकटाच जातो. डबी बदलायचं माज्याच डोक्यातनं निघालं म्हनून सांगतो."

"तिघं बी जाऊ," धुळा म्हणाला. "तिघांनी केलंय."

मोठ्या डॉक्टरांचा बंगला इस्पितळाच्या आवारातच होता, वॉर्डाच्या पलीकडे. लाला पुढे चालत होता. मागं या, लांब या, असं तो दोनदा म्हणाला. धुळानं ऐकलं नाही. तो भराभर जाऊन त्याच्या बरोबरीनं चालायला लागला आणि त्यानं लालाचं कोपर धरलं. रविवारी मनगट धरायचा तसं भीत भीत नाही, घट्ट. लालानं झिडकारलं, त्यानं परत धरलं. मी मागे होतो. मला भीती वाटत होती. ह्या माणसाच्या खाटेपासून हातभर अंतरावर मी वर्षभर झोपलो होतो, आणि खिडकी अडवली होती ती त्याच्या नव्हे, धुळाच्या भीतीनं.

फाटकाशी लाला थांबला आणि वळला. पंच्यामुळे त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

"नाथाजी," तो म्हणाला, "आता तरी इस्वास बसला न्हवं?"

मी होकाराची मान हलवली. ती त्याला दिसली की नाही, ह्याची खात्री होईपर्यंत मी हलवत राहिलो, आणि मग त्यानं फाटकाची कडी काढली.